मठ गेला, भट्टी राहिली

महोदय,

जर्मनीतल्या बव्हेरियाच्या बिअरचा विषय निघाला की आपल्याकडे म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टपलीकडे फारसं काही छापून येत नाही. तिथल्याच आल्डर्सबाख गावातल्या मठाचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे आणि तो वाचकांपर्यंत पोहोचायला हवा, असं मनापासून वाटतं.

सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू 1146 मध्ये तिथे आले. स्वतःच्या हातांच्या कष्टांवर जगायचं, हा त्यांचा नियम. शेती आणि बिअरची भट्टी त्यातच आली. भट्टीचा लेखी उल्लेख 1268 चा, म्हणजे जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढ्यावरच बिअर करायला लावणाऱ्या 1516 च्या फर्मानाआधी जवळजवळ अडीचशे वर्षं! अठराव्या शतकात आझाम बंधू या चित्रकार-शिल्पकार जोडीने चर्च सजवलं. छतावर सिस्टर्शियन संत बर्नार्डना झालेलं ख्रिस्तजन्माचं दर्शन रंगवलंय, भोवती नाजूक गिलावाकाम.

1803 मध्ये सरकारने मठ बरखास्त केला. साधूंची अशी हकालपट्टी हा माझ्या मते अन्यायच होता. 1811 मध्ये आरेटिन घराण्याने मालमत्ता विकत घेतली आणि भट्टी चालू राहिली. 2016 मध्ये बव्हेरियाने बिअरवरचं राज्य प्रदर्शन भरवलं, तेही याच मठात.

– एक वाचक, पुणे