कवटी धुऊन फोटो काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विहीर किंवा घराचा पाया खणताना माणसाची जुनी हाडं निघाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. सोबतच्या फोटोत बहुधा स्वच्छ धुतलेली कवटी पोत्यावर मांडलेली असते. ती कितीही शाबूत दिसो, तिची निम्मी माहिती तोवर मातीबरोबर गेलेली असते.

इनामगावचंच घ्या. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या लोकांच्या) वस्तीत दोनशेहून अधिक दफनं मिळाली, बरीचशी घरांच्या जमिनीखालीच. लहान मुलं तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत. मोठी माणसं उत्तरेला डोकं करून उताणी, आणि घोट्याखालची पावलं तोडलेली. पावलं नाहीत हे ठामपणे सांगता आलं, कारण सांगाडा जागेवर असतानाच खड्डा पायथ्यापर्यंत साफ केला होता. तीच हाडं पोत्यातून आली असती, तर ‘पावलांची हाडं बारीक, हरवली असतील’ एवढंच कुणीही म्हटलं असतं. एका पावलात २६ हाडं असतात!

हाड उघडं करायला बांबूच्या काड्या आणि मऊ ब्रश लागतात. लोखंडी टोकाचा ओरखडा पुढे जुन्या जखमेसारखा दिसू शकतो. वर सावली हवीच. ओलं हाड उन्हात भराभर वाळलं की उभं तडकतं. उत्तरेचा बाण आणि मोजपट्टी ठेवून फोटो, मग आराखडा, मगच उचलणं. पोटाजवळची माती वेगळी ठेवायची, तिच्यात जंतांची अंडी सापडू शकतात. बाकीची बारीक चाळणीतून. लहान मुलाच्या जबड्यातले न उगवलेले दात साबुदाण्याएवढे असतात, आणि त्याचं वय त्यांच्यावरूनच सर्वांत नेमकं ठरतं.

आपल्या काळ्या मातीतल्या चुनखडीमुळे हाडं टिकतात, पण तीच माती पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात फाटून त्यांचे तुकडेही करते. (कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ती बहुतेक विरूनच जातात.) हाडावरचं चुन्याचं कवच सुईने टिपत काढावं लागतं. ॲसिडने ते झटकन निघतं खरं, पण कॅल्शियम हाडातही आहे. तेही खाल्लं जातं.

भुसभुशीत हाड घट्ट व्हावं म्हणून त्याला पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनचं ॲसिटोनमधलं साधारण ५ टक्के द्रावण पाजतात. हाड पूर्ण कोरडं नसेल तर त्यावर पांढरट साय धरते. फेव्हिकॉल मात्र अजिबात नको, नंतर तो नीट निघत नाही. शिवाय कोणतंही द्रावण लावण्याआधी एखादा दात आणि कानाच्या आतलं टणक हाड तसंच, न धुता, हातमोजे घालून बाजूला काढावं लागतं. कार्बन कालमापन आणि डीएनए त्यावरच अवलंबून. ‘सांगाडा मिळाला, आता डीएनए करा’ म्हणणाऱ्यांनी हरियाणातलं सिंधू संस्कृतीचं राखीगढी आठवावं. तिथले ६१ नमुने तपासल्यावर वापरण्याजोगा डीएनए एकाच सांगाड्यातून मिळाला. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते त्या एका व्यक्तीवरून. आपल्या उष्ण हवामानात डीएनए फार लवकर तुटतो.

तेव्हा हाडं दिसली की खणणं थांबवावं, काढलेली माती हलक्या हाताने परत वर पसरावी, आणि पोलीस ठाण्याला व पुरातत्त्व विभागाला कळवावं. फोटो हवाच असेल तर जागेवरच घ्यावा, शेजारी एक पट्टी ठेवून.

आपला,
पुरातत्त्वशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे