चेहरा जुळत नाही म्हणून माझी रोजी बंद : श्रममंत्र्यांना खुले पत्र

मा. श्रममंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

हेच पत्र मी हिंदीत दोनदा आपल्या कार्यालयाला पाठवलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. आता मराठीत, सगळ्यांसमोर लिहितो आहे. इंदूरमधल्या नंदानगर, परदेशीपुरा, सुदामानगरच्या आमच्या लोकांनी तरी वाचावं.

मी 52 वर्षांचा आहे. साडेचार वर्षांपासून इंदूरमध्ये ॲपवरच्या ऑर्डरी मोटरसायकलवर घरोघर पोचवतो. गेल्या महिन्याच्या 9 तारखेला रात्री विजयनगरला शेवटचं पार्सल दिलं आणि परत निघालो. पाटणीपुऱ्याच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवलेला होता. ना बॅरिकेड, ना दिवा. गाडीसकट आत गेलो. एका चहावाल्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. भुवईवर सहा टाके, नाकाचं हाड मोडलेलं, डावा डोळा सुजून बंद.

चौथ्या दिवशी उठलो, कारण गाडीचा हप्ता 5 तारखेला असतो आणि तो सूज उतरायची वाट बघत नाही. ॲप उघडलं की आधी सेल्फी काढावी लागते, मीच मी आहे हे दाखवायला. तीनदा काढली. तिन्ही वेळा उत्तर एकच : चेहरा जुळत नाही. मग आयडी बंद. मदतीच्या चॅटवर मशीन लिहितं, "आपली अडचण आम्ही समजतो." मी टाक्यांचा फोटो पाठवला, दवाखान्याचा कागद पाठवला. पुन्हा तेच वाक्य. साडेचार वर्षांत माझी एकही तक्रार नाही, रेटिंग 4.8. हे सांगायचं कुणाला? फोन नंबर नाही, इंदूरला बसणारा माणूस नाही, पत्ता नाही.

विम्याचं तर ऐकाच. 10 वाजून 52 मिनिटांनी ऑर्डर पोचली, 10 वाजून 58 मिनिटांनी मी पडलो. विमा ऑर्डर घेतल्यापासून ती पोचेपर्यंतचा. मी रिकामा परतत होतो, म्हणून त्या सहा मिनिटांत मी कुणाचाच नव्हतो. मंत्रीमहोदय, रिकामा परतल्याशिवाय पुढची ऑर्डर घ्यायला रायडर कसा पोचतो, हे कुणीतरी मला समजावून सांगा.

माझे बाबा इथल्याच एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं. त्या ईएसआयच्या कायद्यात 2010 पासून कामावर येता-जातानाचा अपघातसुद्धा धरतात. बाबांच्या काळी गिरणीच्या दारात बदली कामगार पहाटे उभे असायचे, मुकादम बोट दाखवील त्याला आत घ्यायचे. बाबा सांगायचे, तो मुकादम लाच खायचा, शिव्या द्यायचा. पण त्याचं घर ठाऊक होतं. चार जण जाऊन त्याच्या ओट्यावर बसू शकत होते. मीही रोज सकाळी स्लॉट मिळतो का म्हणून तसाच उभा असतो, फक्त मोबाइल हातात धरून. माझ्या मुकादमाला ओटाच नाही.

गिरण्या बुडाल्या तेव्हाही आम्हाला सांगितलं होतं की काळ बदलला, नवं शिका. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी मिळाले 2023 च्या डिसेंबरात. 32 वर्षं! कितीतरी जण त्या पैशाची वाट बघत गेले, चेक घ्यायला विधवा आणि मुलं उभी राहिली. हे या शहराला नवं नाही.

मी नवं शिकलो, साहेब. 1994 मध्ये कर्ज काढून डीटीपी, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवणं शिकलो. एका छापखान्यात 26 वर्षं बसलो. इंदूरच्या किती मराठी घरांच्या लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका मी जुळवल्या असतील! मग पत्रिका व्हॉट्सॲपवर जाऊ लागल्या आणि 2020 मध्ये छापखान्याला कुलूप लागलं. तेव्हाही मी रडलो नाही. लोकांना फुकट आणि पटकन हवं असतं, त्यांचा काय दोष. 47 व्या वर्षी हेल्मेट घातलं. तुम्ही म्हणाल तेवढं शिकलो आणि दर वेळी आधीपेक्षा कमी मिळवलं. यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्रातून जे वाचतं ते दर वेळी वरच जातं आणि जे मोडतं ते आमच्याच घरी येतं, भांडण त्याच्याशी आहे.

अपघाताआधीच्या दिवसाचा हिशेब वहीत आहे : 11 तास, 19 ऑर्डरी, 655 रुपये. पेट्रोल 215. हप्ता, टायर, मोबाइलचा रिचार्ज काढला की हातात 300 सुद्धा राहत नाहीत. आमच्या कट्ट्यावरचे जुने रायडर शपथेवर सांगतील की चार वर्षांपूर्वी तेवढ्याच अंतराला जास्त मिळायचं. दर कुणी कमी केला, कधी केला, कुणालाच माहीत नाही. सकाळी उठावं तर बदललेला असतो.

आता केंद्राचा कायदा. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ची, लागू झाली 21 नोव्हेंबर 2025 पासून. त्यात गिग कामगार म्हणजे पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करून कमावणारा. बाहेर! मालक नाही म्हणून कामगार न्यायालय नाही, ग्रॅच्युइटी नाही, नोटीस नाही. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत टाकायचे असं लिहिलं आहे. माझ्या टाक्यांपर्यंत त्यातला एक रुपया आलेला नाही. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात आम्हाला ओळखपत्र आणि जन आरोग्य योजनेतून इलाज जाहीर झाला. आमच्या भागातल्या शिबिरात टेबलामागच्या साहेबांनी माझा अंगठा घेतला आणि म्हणाले, "काका, अब इलाज की चिंता मत करो।" ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवलं होतं. दवाखान्याच्या खिडकीवर तेच पुढे केलं. त्यांनी उलटसुलट करून परत दिलं. 14,300 रुपये बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भरले. त्या पाटल्या माझ्या आईच्या होत्या. गिरणी बंद झाली तेव्हाही एकदा गहाण पडल्या होत्या.

आणि असंघटित कामगारांसाठीची तुमची संबल योजना? अपघातात मेलो असतो तर घरच्यांना 4 लाख. कायमचा अपंग झालो असतो तर 2 लाख. सहा टाके घालून जगलो, त्याचं काहीच नाही. ही रक्कम ठरवताना तुमच्यापैकी कुणाला जिवंत माणूस आठवला नाही?

27 एप्रिल 2025 ला याच इंदूरमध्ये टेक कॉन्क्लेव्ह झाली. गुंतवणुकीचे आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात पानभर होते. त्या दिवशी उन्हात मी याच शहरात पार्सलं पोचवत होतो. एवढ्या भाषणांत, जो माणूस हे सगळं पाठीवर वाहतो त्याला बोलवावं असं कुणालाही वाटलं नाही. 2017 पासून आम्ही देशात स्वच्छतेत पहिले. इच्छा असली की हे प्रशासन दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा करून घेऊ शकतं. मग एका कंपनीला एवढं विचारू शकत नाही की या माणसाची रोजी का बंद केली?

कर्नाटकानं विचारलं. तिथल्या 2025 च्या कायद्यात रायडरला काढायचं तर 14 दिवस आधी लेखी कारण द्यावं लागतं, मशीन कशावरून निर्णय घेतं हे सांगावं लागतं. राजस्थाननं तर 2023 मध्येच आमच्यासाठी कायदा केला. मध्य प्रदेशात कोण अडवतं तुम्हाला?

मला दया नको, अनुदान नको. आयडी बंद करण्याआधी एका जिवंत माणसानं माझं ऐकावं आणि त्यानं आपलं नाव सांगावं. इंदूरमध्ये त्याचं ऑफिस असावं, मला चालत जाता येईल असं. विमा घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचा असावा. बस.

आज 31 वा दिवस आहे. सूज उतरली, टाके निघाले, भुवईवर व्रण राहिला. काल सकाळी पुन्हा सेल्फी काढली. चेहरा जुळत नाही.

आपला,
एक रायडर, गिरणी कामगाराचा मुलगा
नंदानगर, इंदूर