नांगराला अर्धी ओळ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १८ फुटी होडी घेतलीस, आता तुझे रविवार घरच्यांना दिसणार नाहीत. पत्रात दोन पानं फिश फाइंडरबद्दल, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राबद्दल, आहेत. ५ इंची स्क्रीन घेऊ की ७ इंची, चर्प म्हणजे काय, साइड इमेजिंग लागेल का. आणि शेवटी घाईघाईत, "हो, एखादा नांगरही बघायचाय." नांगराच्या वाट्याला अर्धी ओळ! मीही पहिल्या वर्षी असाच होतो, म्हणून तुझा क्रम उलटा करून लिहितोय.

तेव्हा माझ्याकडे छत्रीसारखा मिटणारा, चार नख्यांचा छोटा नांगर होता. होडीबरोबर फुकट आलेला. एकदा ओहोटीच्या तळाला ४ मीटर पाण्यात तो टाकला, २५ मीटर दोर सोडला आणि गळ लावून बसलो. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची १ मीटर धरली तर नांगरापासून नाळेपर्यंत ५ मीटर, म्हणजे दोर पाचपट. ठीकच होतं. मग भरती लागली. फिश फाइंडरच्या स्क्रीनवर खोली ४ची ५ झाली, ५ची ६, दुपारपर्यंत ७. मी आकडा बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पाणी चढतंय, आता मासा येईल. ७ आणि १ मिळून ८ झाले, दोर मात्र तेवढाच, म्हणजे जेमतेम तिप्पट. त्यात वारा वाढला. मान वर केली तेव्हा खडक चार होड्यांच्या अंतरावर होते. इंजिन चालू होईपर्यंत तळ घासला, इंजिनच्या पंख्याचं एक पातं वाकलं. यंत्र बिचारं मला सगळं सांगत होतं. वाचायला मी मुकलो.

तर पहिला हिशेब हा: पाण्याची खोली, अधिक नाळेची उंची, अधिक तिथे थांबशील तेवढ्या वेळात चढणारी भरती. या बेरजेच्या ५ पट दोर अगदी कमीत कमी, ७ पट असेल तर झोप लागते. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत हा आकडा भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांपेक्षा बराच मोठा येतो, तेव्हा भरतीचं कोष्टक आधी बघ. नांगराचं वजन सगळे विचारतात, पण लहान होडीला धरून ठेवतं ते मुख्यतः त्याचं जमिनीत रुतणं. ओढ जितकी आडवी, तितका तो खोल जातो. दोर आखूड पडला की ओढ वरच्या दिशेने लागते आणि आपण स्वतःच त्याला उपटत बसतो.

ओढ आडवी राहावी म्हणूनच नांगर आणि दोर यांच्यामध्ये साखळी. निदान होडीच्या लांबीएवढी तरी घे, दीडपट असेल तर उत्तम. तुला ६ मिलिमीटरची पुरेल. साखळी तळाशी लोळते, नांगराचा दांडा खाली दाबून धरते, आणि खडकाशिंपल्यांवर घासलं जायचं ते लोखंड, दोर नव्हे. दोर नायलॉनचाच, १० मिलिमीटरचा. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका दोर बांधायच्या खुंट्यावर थेट बसत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा रंगीत दोर दिसायला छान, हाताला हलका, पण तो पाण्यावर तरंगतो आणि नेमका पंख्यात जातो. शॅकलची, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधून टाक, नाहीतर ती फिरत फिरत कधी निसटली कळणार नाही. साखळीला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी, म्हणजे फिरकी, लोक हौसेने लावतात. लहान होडीला मला ती गरजेची वाटत नाही, तुटायला एक जागा मात्र वाढते. आणि दोराचं शेवटचं टोक होडीला बांधलेलं आहे ना, हे नांगर टाकण्याआधी बघ. हसू नकोस, अख्खा दोर सळसळत पाण्यात गेलेला मी पाहिला आहे.

आता नांगर कोणता. आपल्या भाषेत शेतातला तो नांगर आणि समुद्रातलाही नांगरच, आणि गंमत म्हणजे त्यातला एक प्रकार खरोखरच फाळाच्या आकाराचा आहे. सीक्यूआर. तो १९३३ साली जी. आय. टेलर यांनी शोधला, पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहांवर आयुष्यभर काम करणारे तेच नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. ही तीन अक्षरं इंग्रजीत भराभर म्हटली की 'सिक्युअर' ऐकू येतं. पण तुझ्या होडीला मी दोन रुंद पात्यांचा डॅनफोर्थ सुचवेन. वजनाच्या मानाने त्याची पकड वाळू-चिखलात जबरदस्त, आणि मिटून सपाट ठेवता येतो. दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवणाऱ्या होड्यांवर हाच प्रकार होता. त्याचे दोष दोन: खडकात आणि दाट शेवाळात तो लागत नाही, आणि वारा किंवा प्रवाह उलटा फिरला तर उपटून पुन्हा रुतेलच याची खात्री नसते. तुझं पाणी रोज दिशा बदलणारं असेल किंवा रात्र काढायची असेल, तर खोऱ्यासारख्या एकाच पात्याचा नवा प्रकार घे. तो वळला तरी बहुधा रुतलेलाच राहतो. कंपनीच्या तक्त्यात तुझ्या लांबीला जे वजन दिलंय त्याच्या वरचं माप घे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि तक्ते बहुधा बऱ्या हवेचे असतात. माझ्याकडे होता तसा छत्रीवाला नांगर खडकापुरता ठेव. अडकला तर ओढून काढता यावा म्हणून साखळी त्याच्या बुडाशी जोड आणि दांड्याच्या वरच्या कडीला फक्त बारीक दोरीने बांध. जोरात ओढलं की दोरी तुटते आणि नांगर मागच्या बाजूने सुटतो.

टाकताना तोंड वाऱ्याकडे, होडी थांबू दे, मग खाली सोड. फेकू नकोस. मागे वाहत जाताना दोर दे, मग खुंट्याला अडकव आणि इंजिन हलकेच मागे घालून बघ. किनाऱ्यावरची दोन खुणेची ठिकाणं एका रेषेत धर, एखादा खांब आणि मागचं झाड. रेषा मोडत गेली तर तू घसरतोयस. आणि काही झालं तरी दोर मागच्या बाजूला बांधू नकोस. इंजिनच्या वजनाने तिथला काठ आधीच खाली असतो. प्रवाहाने तो आणखी दाबला की पाणी आत येतं आणि होडी क्षणात भरते. लहान होड्या बुडायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

नांगर घेऊन झाल्यावर उरलेल्या पैशात फिश फाइंडर. ५ इंची घे. एकच अट, भर उन्हात स्क्रीन वाचता आली पाहिजे. साइड इमेजिंग, म्हणजे होडीच्या दोन्ही बाजूंचं चित्र दाखवणारी सोय, पहिल्या वर्षी नको, त्यात तू नुसता हरवशील. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे साडेसात मीटरवरून प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. २०० किलोहर्ट्झचा आवाजाचा झोत अरुंद आणि बारकावे दाखवणारा, ५० किंवा ८३चा रुंद. झोत २० अंशांचा असेल तर १० मीटर खोलीवर तुला साडेतीन मीटरचं वर्तुळ दिसतं, बाकी समुद्र दिसत नाही. चर्पमध्ये एकाच सुराऐवजी सुरांचा पट्टा सोडतात, त्यामुळे जवळजवळचे मासे वेगळे दिसतात. ते असेल तर घे.

स्क्रीनचा फक्त उजवा काठ म्हणजे 'आत्ता'. बाकीचं सगळं सरकून गेलेलं. माशाची कमान दिसते ती मासा झोतातून आरपार गेल्यावर, कारण कडेला तो लांब असतो, मध्ये जवळ. नांगरलेल्या होडीखाली मासा थांबून राहिला तर लांबच लांब सरळ रेघ येते. त्याला राक्षस समजू नकोस. माशांची चित्रं काढणारी सोय बंद कर, ती बुडबुड्यांनाही शेपूट लावते.

मला या यंत्राचा खरा उपयोग तळ वाचायला होतो. कठीण तळाची रेघ झगझगीत येते, आणि दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावली दिसते. चिखलाची रेघ फिकट. वाळू आणि खडक दोन्ही कठीण, पण वाळू सपाट आणि खडक दातेरी. पूर्वी शिशाच्या वजनाच्या खळग्यात चरबी भरून दोरीने खाली सोडत, तळाची माती चिकटून वर येई. तेच काम आता हे रंग करतात, मात्र संवेदनशीलता आपोआपवर न ठेवता एकदा हाताने बसवून घे, म्हणजे आजच्या रंगाची कालच्याशी तुलना करता येईल. आणि खोली मोजली जाते ती ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे पाण्यात आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागापासून, पाण्याच्या पृष्ठभागापासून नव्हे. तेवढं अंतर सेटिंगमध्ये भर, नाहीतर दोराचा हिशेब चुकेल.

ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर, पंख्यापासून लांब, बुडबुडे नसलेल्या जागी लाव. पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर उजवीकडे. स्क्रूंच्या भोकांत सागरी सीलंट भरायला विसरू नकोस. तळ भरीव फायबरचा असेल तर आतून चिकटवूनही चालतो. मध्ये लाकूड किंवा फोमचा थर असेल तर आवाज पलीकडे नीट जात नाही. बॅटरी इंजिनच्या बॅटरीहून वेगळी ठेव, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ.

नाळेवरचा खुंटा किती मोठा आहे आणि त्याच्या बोल्टांना आतून पट्टी आहे का, ते एकदा खाली वाकून बघ. १० मिलिमीटरचा दोर त्यावर नीट बसतो का तेही बघून कळव. मग दोर किती मीटर घ्यायचा ते दोघं मिळून ठरवू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल

ता.क. नाळेजवळ हाताला येईल अशी एक धारदार सुरी बांधून ठेव. मघाशी लिहायचं राहिलं.