घोंगडं माळ्यावर ठेवलंय

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी कबुली देते. काल निघताना तुमचं घोंगडं डांबरगोळ्या घालून माळ्यावर टाकलं आणि उशाजवळची खाजेच्या गोळ्यांची स्ट्रिप पर्समध्ये घालून आणली. विचारलं असतं तर तुम्ही नकोच म्हणाला असता. रागवा, पण पत्र पुरतं वाचून.

ती गोळी हिस्टामिनवर, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणाऱ्या अंगातल्या रसायनावर चालते, आणि तुमच्या सोरायसिसच्या, या खवल्यांच्या चट्ट्यांच्या, खाजेत हिस्टामिनचा वाटा थोडाच. खाज तशीच राहते, नुसती गुंगी येते. तुमच्या वयात त्या गोळीपायी तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, रात्री उठताना तोल जातो. मोरीच्या पायरीचं आईला वेगळं सांगायला नको.

खाज रात्रीच का उठते? सूज दाबून ठेवणारं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली येतं. त्याच वेळी कातडी गरम होते, तिच्यातलं पाणीही जास्त उडतं. वर लोकर! मग झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी तीच खाज जास्त बोचते. खाजवून सोललं की तिथंच नवा चट्टा. तुम्ही पथ्य पाळत नाही म्हणून हे होतंय, असं मी म्हणत नाही हो.

इचलकरंजीच्या दोन पातळ सुती चादरी कपाटात ठेवल्यात. एक पांघरा, थंडी वाजली तर दुसरी. बंबातलं कढत पाणी बंद. रात्री कोमट पाण्यानं दहा मिनिटांत आंघोळ, पंचानं टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. बोटभर नको, सढळ हातानं. डॉक्टरांचं मलम त्यानंतर अर्ध्या तासानं, फक्त चट्ट्यांवर. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मेडिकलवाल्यानं दिलेली स्टेरॉइड मिसळलेली मिक्स ट्यूब मात्र अजिबात नको, कातडी पातळ होते. आणि व्हॅसलीन मुरलेला सदरा पटकन पेट घेतो, धुतला तरी ते पुरतं जात नाही. निरांजन आईच लावेल.

रात्री खाज उठलीच तर गार पाण्याची घडी पाच मिनिटं ठेवा, तळव्यानं दाबा, नखं नकोत. माझ्या कांजिण्यांत रात्रभर माझे हात धरून तुम्हीच बसला होता ना? आता तेवढंच आईला करू द्या.

तांबडा रस्सा बंद नाही, दुपारी घ्या. शेवटचा चहा चारला. रात्री कितीही जागरण झालं तरी उठायचं सहालाच, आणि कोवळ्या उन्हात रंकाळ्यावर वीस मिनिटं. दुपारची झोप अर्धा तास, जास्त नाही.

आई, तुझ्यासाठी एक काम. बाबांचं घोरणं मध्येच दहा सेकंद थांबून मग धाप लागल्यासारखा श्वास येतो का, ते फोनवर रेकॉर्ड कर. सोरायसिसवाल्यांत झोपेत श्वास अडण्याचा त्रास जास्त दिसतो, आणि तसं असेल तर नुसत्या मलमानं झोप लागायची नाही. तुझीही झोप मोडतेय, म्हणून रेकॉर्डिंग झालं की तुझं अंथरूण सोप्यात, बाबांची हाक ऐकू येईल असं, घालायला सांगितलंय. थोडेच दिवस गं.

बुधवारी साडेनऊला रिक्षा येईल, राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं. बीपीच्यासुद्धा सगळ्या स्ट्रिप पिशवीत घ्या, काही गोळ्यांनी सोरायसिस भडकतो. पण स्वतःहून एकही बंद करायची नाही. त्या दिवशी सकाळी अंगाला काही लावू नका, चट्टे आहेत तसे दिसू देत.

तुमची,
बाळी

ता. क. घोंगडं माळ्यावर उजव्या बाजूला आहे. शिडी दादाकडं पाठवलीय.