आई, भात वेळणं आता सोड

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर हा विषय काढला की तू लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करतेस, म्हणून पत्रच लिहिते आहे. बाबा, तुम्ही हे तिला मोठ्यानं वाचून दाखवा. यात तुमच्यासाठीही काम आहे.

आई, भात वेळणं आता सोड. जन्मभर तू भात असाच केलास, भरपूर आधणात तांदूळ वैरून, शीत दाबून बघून, मग जास्तीचं पाणी, म्हणजे पेज, ओतून काढून. असा मोकळा, पांढराशुभ्र भात मी दुसरीकडे कुठे खाल्ला नाही. पण उकळत्या पाण्यानं भरलेला टोप फडक्यात धरायचा, वेळणी अंगठ्यांनी दाबून ठेवायची आणि मोरीकडे कलंडायचा, हे सगळं मनगटाच्या जोरावर चालतं. तुझं उजवं मनगट आता पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. वेळणी एकदा सरकली की काय होईल, ते तुला सांगायला नको. रोज दुपारी बाराच्या सुमारास माझं मन तुमच्या स्वयंपाकघरात असतं.

कुकरचा भात बाबांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. माशाच्या कढीखाली शीत शिताला चिकटलेलं त्यांना चालत नाही आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. म्हणून मी सांगते आहे ती रीत पातेल्यातलीच आहे. पाणी मोजून घालायचं आणि ते भातातच जिरवायचं. टोप उचलायचा नाही, काही ओतायचं नाही.

तुम्ही म्हणाल, असा भात गिच्च होतो. होतो, पण त्याची कारणं आहेत. पहिलं म्हणजे तांदूळ. दिवाळीनंतर मळणी झाली की गिरणीतून आलेला नवा तांदूळ लगेच रांधायला घेता. नव्या दाण्याचा भात मऊ होतो आणि चिकटतो. तोच दाणा सहा महिने, वर्षभर मुरला की कडक होतो, पाणी जास्त पितो, फुलतो आणि सुटा राहतो. तेव्हा जेवणाच्या भातासाठी मागच्या वर्षीचं भात आधी भरडून आणा. नवा तांदूळ घावन्यांना आणि मोदकांच्या पिठाला ठेवा, तिथे त्याचा मऊपणा आणि वास हवाच असतो.

दुसरं, जात. तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असलेला तांदूळ मोकळा शिजतो, कमी असलेला चिकट होतो. आंबेमोहोर कितीही जपून केला तरी मऊसर लागतो, तो त्याचा स्वभावच आहे, म्हणून तो वरण-तुपासाठी. आपल्या शेतातला रत्नागिरी 24 बारीक दाण्याचा आहे, तो सुटा भात छान देतो. तो संपला तर वाडा कोलम घ्या. पालघरकडच्या त्या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते नाव कुठल्याही पोत्यावर दिसतं, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

आता पाणी. आई, तू बोटाचं पेर बुडवून पाणी बघतेस, ती रीत अगदी खरी आहे, फक्त ती घरात दहा-बारा पानं मांडली जायची तेव्हाच्या टोपाची आहे. तांदूळ पाणी पितो ते त्याच्या मापात. वरचं पाणी वाफ होऊन उडतं, आणि ते किती उडेल हे तांदळावर नाही, भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं. त्या मोठ्या टोपात तांदूळ पुरेसा असायचा, म्हणून पेरभर पाणी बरोबर बसायचं. आता त्याच रुंद टोपात तुम्हा दोघांपुरता वाटीभर तांदूळ तळाशी पातळ पसरतो आणि पेरभर पाणी त्याच्या दुपटी-तिपटीहून जास्त होतं. त्यातून वेळल्याशिवाय सुटकाच नाही. म्हणून भांडं लहान घ्या, जाड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं.

एक वाटी जुन्या तांदळाला दोन वाट्या पाणी, नव्याला पावणेदोन किंवा त्याहून थोडं कमी. तांदूळ अर्धा तास भिजवला असेल तर आणखी पाव वाटी कमी. गणपतीत सगळे जमलो आणि चार वाट्या लावायच्या झाल्या, तर आठ वाट्या पाणी घालू नका. साडेसहा-सात पुरे, कारण वाफ काही चौपट होत नाही.

तांदूळ रोवळीत घेऊन दोन-तीन पाण्यांनी धुवा, हलक्या हातानं. दाण्यावर बसलेली पिठी शिजताना खळीसारखी होते आणि शितं एकमेकांना धरतात. ती पिठी गेली की निम्मं काम झालं. धुवण परसातल्या झाडांना घाला. धुतलेला तांदूळ रोवळीतच निथळत ठेवा, नाहीतर अंगचं पाणी मापात येत नाही.

आधण खळखळलं की मीठ घाला, तांदूळ वैरा आणि एकदाच तळापासून ढवळा. पुन्हा डाव घालायचा नाही. सारखं ढवळलं की दाण्याची टोकं मोडतात, आतलं पिष्ट बाहेर येतं आणि भाताचा लगदा होतो. आच मध्यम, झाकण नको. पाणी तांदळाच्या बरोबरीला उतरलं आणि वर छोटी छोटी भोकं दिसली की झाकण घट्ट बसवा, गॅस अगदी बारीक करा आणि दहा मिनिटं ठेवा. मग गॅस बंद. आणखी दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

बाबा, या शेवटच्या दहा मिनिटांत तुम्हीच घाई करता. पान मांडलं की भात लगेच हवा असतो. पण तेव्हा तळाची शितं जास्त ओली असतात आणि वरची कोरडी. वाफ आत कोंडून राहिली की ओलावा सगळीकडे सारखा होतो आणि शीत थोडं घट्ट होतं, म्हणून वाढताना मोडत नाही. गॅस बंद केल्यावर झाकणाखाली स्वच्छ सुती फडकं घातलं तर झाकणाचं पाणी भातावर ठिबकत नाही. आच चालू असताना मात्र फडकं नको. मग भातवाढीच्या कडेनं, बाजूनं आत जाऊन, खालचा भात वर सोडवून घ्या.

पेजेचं काय, हे तू विचारणारच. बाबांना सकाळी उकड्या तांदळाची पेज लागते, ती बंद करा असं मी म्हणत नाही. उकडा तांदूळ वेगळा आहे, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतं, तो भरपूर पाण्यातच शिजू दे. फक्त पेज करवंटीच्या डवलीनं वरून काढून घ्या. भांडं शेगडीवरच राहू दे.

आणि बाबा, वेळलेल्या भातातली साखर निघून जाते, हे मनातून काढा. पेजेबरोबर थोडं पिष्ट जातं, पण बहुतेक सगळं शितातच राहतं. जातात ती पाण्यात विरघळणारी ब जीवनसत्त्वं. साखर सांभाळायची तर भात मोजून वाढून घ्या.

उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत तर मुळीच नको. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, ते कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष दुसऱ्या दिवशी गरम करूनही जात नाही. जेवण झालं की उरलेला भात पसरट ताटलीत गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. थंडीनं शितं घट्ट होतात, सकाळच्या फोडणीच्या भाताला ते फारच बरं.

आता तुमचं काम, बाबा. यापुढे भात तुम्ही लावा. यात जोर लागत नाही, माप आणि घड्याळ लागतं, आणि दोन्हीत तुमचा हात कोणी धरणार नाही. आईनं सोलकढी करावी आणि तुम्हाला भोकं दिसली की नाही ते शेजारी बसून सांगावं. तिला ते जड जाईल, मला माहीत आहे. तिचं स्वयंपाकघर आहे. पण आई, त्याच हातानं तू आम्हा सगळ्यांना वाढवलंस, आता त्या हाताला दुपारची सुट्टी दे. मी हे अगदी मनापासून मागते आहे.

जाड बुडाचं लहान पातेलं एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे. पहिल्यांदा दोन वाट्या पाण्यानंच करा. शीत आत कच्चं लागलं तर पुढच्या वेळी पाव वाटी वाढवा, मऊ वाटलं तर तेवढंच कमी करा, आणि जमलेलं माप कॅलेंडरवर लिहून ठेवा. रविवारी फोन करेन तेव्हा ते माप सांगा.

तुमची लेक