कुडाळच्या दुकानात भेटलेल्या मास्तरकाकांना, ट्यूनरसाठी मनापासून थँक्यू

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि फोन नंबर घ्यायचंही सुचलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच. श्रावणात कुडाळला वाद्यांच्या दुकानात तुम्ही शाळेची पेटी दुरुस्तीला घेऊन आला होतात आणि मी बाबांना घेऊन आले होते, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, बदलायला, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. आठवलं का? बाहेर धो धो पाऊस होता आणि दुकानाच्या पत्र्यावर एवढा आवाज होत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

पुडी खराब नव्हती काका. ते तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांत कळलं होतं, हे मला नंतर कळलं. बाबा गेली चाळीस वर्षं आमच्या वाडीच्या भजनात तबला-पखवाज वाजवतात आणि आख्ख्या मंडळाचा सूर तेच लावायचे, पेटीवर काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, दाबली की हातोडी घेऊन पाच मिनिटांत तबला लागलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की वयामुळे वरचे आवाज कमी ऐकू येतायत. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर तो विषयच बंद केला. तेव्हापासून तबला लागला नाही की दोष कधी पुडीचा, कधी ताणणाऱ्या वादीचा, कधी पावसाळी हवेचा. हवेचा दोष थोडा खराही आहे, आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामडं दमट होतं आणि सकाळी लावलेला तबला संध्याकाळी उतरलेला असतो. पण रात्रीच्या भजनात गाणारे बुवा मागे वळून बघायचे आणि बाबा मान खाली घालायचे, ते मला बघवत नव्हतं.

म्हणून मी आधी ऑनलाइन एक ट्यूनर, म्हणजे सूर लागला की नाही ते काट्याने दाखवणारं यंत्र, मागवला होता, फोटो बघून, स्वस्त आणि छोटा. तो निघाला फक्त गिटारचा, सहा तारांचे सूर सोडून दुसरं काही ओळखायचाच नाही, काळी एक वाजवली तर नुसता गोंधळायचा. बाबा म्हणाले, "माका यंत्र कित्याक? माझे कान आसत मा." आणि त्यांनी तो कपाटात ठेवून दिला. त्या दिवशी मी हे सगळं दुकानदाराला सांगत होते आणि तुम्ही मागे उभे राहून ऐकत होतात.

तुम्ही मला बाजूला घेऊन पहिली गोष्ट सांगितलीत की ट्यूनर घ्यायचा तर क्रोमॅटिकच घे, म्हणजे बाराही सूर दाखवणारा, आपल्याकडे कोण कुठल्या पट्टीत गाईल सांगता येत नाही. मग मी विचारलं की मोबाईलमध्ये फुकट ॲप आहे ते का नको, तर तुम्ही शांतपणे म्हणालात की घरात एकट्याने लावायला ॲप उत्तम आहे, पण त्याला फक्त माईक, झांजा सुरू झाल्या की तो झांजाच ऐकणार. चिमटावाला ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, हवेतला आवाज नाही, म्हणून माझ्या तानपुऱ्यासाठी तो चांगला, पण तबल्याला चिमटा लावायला धड जागा नाही, तिथे माईकच लागतो. म्हणजे ज्यात दोन्ही आहे आणि बटणाने बदलता येतं तोच घे. एवढं साधं मला कुठल्याच जाहिरातीत वाचायला मिळालं नव्हतं.

दुकानात तसे तीन होते. एक करंगळीएवढा, त्याचा स्क्रीन तर बाबांना चष्मा लावूनही दिसला नसता, तो तुम्ही हातातच घेतला नाहीत. दुसऱ्यात घड्याळासारखा चपटा सेल, सीआर २०३२, चांगला असतो पण आमच्या वाडीतल्या दुकानात मिळत नाही. तिसरा जरा जाड, छोट्या पेन्सिल सेलवर चालणारा, मोठा रंगीत काटा, मधोमध आला की आख्खा स्क्रीन हिरवा. शंभर-दीडशे रुपये जास्त होते पण तुम्ही म्हणालात, भजनाच्या रात्री अर्ध्या अंधारात दिसायला हवं, बाकीचं नंतर. माझ्या मनात छोट्यातला छोटा घ्यायचं होतं, खिशात मावेल असा. आता रोज वाटतं, बरं झालं तुमचं ऐकलं.

पण मला आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. बाबा स्टुलावर बसले होते, तोंड फिरवून. तुम्ही त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलात, तुमच्याच पिशवीतून तुमचा जुना ट्यूनर काढलात, कोपरे झिजलेला, आणि म्हणालात, "बुवा, झांजा वाजाक लागल्यार माकाच माझो सूर ऐकाक येणा नाय, म्हणान मी ह्या ठेवतंय. ह्या बघूक. ऐकाक आपले कान." बाबांच्या कानाबद्दल एक अक्षर नाही. बाबा तुमच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनीच हात पुढे करून तो मागितला.

मग तुम्ही तबला पुढ्यात घेऊन ट्यूनर गजऱ्याजवळ, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटाजवळ, धरलात आणि किनारीवर एका बोटाने ना हा बोल वाजवलात, वाद्यांमधलं एकेक घर करत सोळाच्या सोळा घरं. चौथ्या घराला काटा डावीकडे पडला, बाबांनी लगेच हातोडी घेऊन गजऱ्यावर वरून हलकेच दोन ठोके दिले, काटा वर सरकला, आणखी एक ठोका, हिरवा. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. समोरासमोरची घरं जोडीने लावायची हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत, ते तेच तुम्हाला सांगायला लागले, आणि तुम्ही "होय, होय" करत ऐकलंत.

तेव्हाच तुम्ही म्हणालात की तबल्याला ट्यूनर एवढा चालतो तो मधल्या काळ्या शाईमुळे, साध्या चामड्याचे उपस्वर, म्हणजे मुख्य सुराबरोबर निघणारे वरचे सूर, वेडेवाकडे असतात पण शाईच्या वजनाने ते सुरात येऊन बसतात, आणि हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहून ठेवलंय. बाबांना हे इतकं आवडलं की आता तबला हातात घेणाऱ्या प्रत्येक पोराला ते सांगतात.

पेटीचंही तुमचं बरोबर निघालं. घरी येऊन मंडळाच्या पेटीवर पांढरी सहा दाबली तर काटा मध्ये नाहीच, आठ सेंट उजवीकडे (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तुम्ही सांगितलं होतंत की ट्यूनर पांढरी सहा ४४० हर्ट्झची धरून चालतो आणि जुन्या पेट्या तशा नसतात, तिथे एक हर्ट्झ म्हणजे साधारण चार सेंट, तेवढा ट्यूनर सरकवायचा, पेटीला हात लावायचा नाही. ४४२ केलं आणि काटा मधोमध उभा राहिला. हे माहीत नसतं तर आम्ही तबला ४४० वर लावून पेटीशी रात्रभर भांडत बसलो असतो.

आणि माझा तानपुरा. मिरजेचा आहे, आजीच्या वेळचा. खुंटीजवळ चिमटा लावला आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात जाड तार, छेडली तर ट्यूनर सा सोडून प दाखवायला लागला, मी घाबरले की बिघडला. मग तुमचं आठवलं, जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, दोरा बाजूला सरकव, तारेच्या मध्यावर बोट नुसतं टेकवून छेड आणि लगेच काटा बघू नकोस, क्षणभर थांब, तार छेडल्यावर आधी जरा चढीच असते. तसं केलं आणि लागला. प मात्र काट्याने मधोमध लावायचा नाही, दोन सेंट उजवीकडे, कारण खरा प सापासून ७०२ सेंटवर असतो आणि ट्यूनरचा ७०० वर. गंधार तर ट्यूनरवर बघायचाच नाही असं तुम्ही दोनदा बजावलंत, तो चौदा सेंट चढा दाखवतो, खरा गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो. बाबांना तो अजून ऐकू येतो काका. मी सा आणि प लावते आणि ते डोळे मिटून बसतात, गंधार आला की बोट वर करतात.

गणपतीत पाचही दिवस बाबांनीच सूर लावला. ट्यूनर आता एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात असतो, ओल शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या घालून, आणि सेल काढून ठेवलेला, समुद्राच्या हवेने सेलच्या पट्ट्या हिरव्या पडतात हेही तुमचंच. गौरीच्या रात्री मंडळातला नवीन मुलगा तबला लावत होता, काटा हिरवा झाला म्हणून त्याने हातोडी खाली ठेवली, तर बाबा लांबून म्हणाले, "अजून ह्या घरात उतारलो हा बघ." त्याने परत ना वाजवला. काटा खरंच केसभर डावीकडे होता.

काका, आमचं घर वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर आहे, भजन मंडळाचं नाव विचारलंत तर कोणीही दाखवेल. तुम्ही त्या दिवशी आमच्याकडून चहासुद्धा घेतला नाहीत, शाळेची गाडी चुकेल म्हणून. त्रिपुरारीला देवळात भजन आहे, जरूर या, पेटी घेऊन या. बाबा तुमची वाट बघतायत, त्यांना तुमचा तो जुना ट्यूनर परत एकदा बघायचाय आणि तुम्हाला बाजूला बसवून वाजवायचंय. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं माझ्याकडून.

तुमची,
तबलजींची मुलगी