फोटो बॉब मार्लीचा, लेख गँगस्टरांचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जमैकन गँगस्टर सिनेमांवरचा लेख वाचला. काल दिवसभर जाऊ दे जाऊ दे म्हणत होतो, शेवटी बायको म्हणाली एवढे धुमसताय तर लिहून टाका, म्हणून हे पत्र.

आधी फोटो. अर्धं पान बॉब मार्ली, जमैकाचा तो रेगे गायक! लेखात नावं घेतलेल्या एकाही पिक्चरमध्ये हा माणूस नाही हो. 'शॉटाज'मध्ये आहे तो त्याचा मुलगा, की-मानी. उद्या अभिषेकच्या पिक्चरवर लिहाल आणि फोटो अमिताभचा लावाल का?

पण खरं डोकं फिरलं ते "शॉटाज २००६ साली आला आणि फारसा चालला नाही" हे वाचून. अहो, मी तो २००४ ला बघितलाय! तेव्हा मी जहाजावर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होतो, कंटेनरसाठी जमैकात किंग्स्टनला लागलो होतो आणि बंदराबाहेर फुटपाथवर एक पोरगा सीड्या विकत बसलेला, साधं प्लॅस्टिकचं पाकीट, वर मार्करने नाव. सेस सिल्व्हेराने पिक्चर केला २००२ ला, त्याची अर्धवट कॉपी बाहेर फुटली आणि जमैकन माणूस जिथे जिथे राहतो तिथे तिथे पोचली, थिएटरला लागायच्या आधी. आमच्या जहाजावर तर ती सीडी घासून घासून अडकायला लागली तरी पोरं लावायची. तेव्हा चालला नाही म्हणू नका, चालला आणि दणकून चालला, फक्त गल्ला भलत्याच्याच खिशात गेला. त्यात माझे तीन डॉलर आहेत, नाकारत नाही.

आता शीर्षकात 'इंडस्ट्री' शब्द घातलाय तर एवढं एका ओळीत तरी यायला नको? आत नुसती पिस्तुलं मोजलीत. 'द हार्डर दे कम' (१९७२) तर "एका डॉनची काल्पनिक कथा" म्हणून उरकलाय. डॉन कसला डोंबलाचा! गावाकडून बसने शहरात गायक व्हायला आलेला पोरगा तो. गाणं रेकॉर्ड होतं आणि प्रोड्युसर हातावर वीस डॉलर टेकवतो, बंदूक वगैरे सगळं नंतर. म्हणजे ज्याने केलं त्याला काय मिळालं हाच पेरी हेन्झेलचा पिक्चर आहे, आणि तुमच्या लेखकाला नेमकं तेच दिसलं नाही. आणि काल्पनिक पण पूर्ण नाही. आयव्हनहो मार्टिन नावाचा गुन्हेगार खरंच होता, लोक त्याला रायगिन म्हणायचे, १९४८ साली पोलिसांनी लाइम के बेटावर त्याला मारला. किंग्स्टनच्या तोंडाशीच आहे ते. आत शिरताना मी पुढे नांगरापाशी उभा होतो, वाळूचा पट्टा आणि थोडी झाडं दिसली, कुणाला काय माहीत. नंतर त्या सीडीवाल्याने सांगितलं तेव्हा कळलं.

"इंग्रजी सिनेमे" हा शब्द तर कृपा करून मागे घ्या. ती भाषा पॅट्वा, जमैकन लोकांची आपली बोली. पुणेकराला आमची मालवणी जेवढी कळते तेवढीच ती गोऱ्याला कळते, हेन्झेलच्या पिक्चरला अमेरिकेत सबटायटल लावावी लागली होती. आमचा सेकंड ऑफिसर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला, तोही दर पाच मिनिटांनी काय म्हणाला, काय म्हणाला करायचा.

क्रिस ब्राऊनच्या 'थर्ड वर्ल्ड कॉप'चं (१९९९) नावही नाही लेखात. तो डिजिटल व्हिडिओवर शूट केलेला, खर्च वाचवायला, म्हणजे इंडस्ट्रीबद्दल लिहायचंच होतं तर मुद्दा आयता समोर होता. असो.

जाता जाता, शब्दकोड्याचं उत्तर सलग दोन आठवडे छापलेलं नाही. १७ उभा 'बंदरातील खांब' आहे असं आम्ही समजायचं का? आणि पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते, मंगळवारच्या अंकात खुलासा छापलात तर मला बुधवारी मिळेल, चालेल.

आपला,
एक निवृत्त बोसन, मालवण